सेरिफ इटॅलिक टाइपफेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन लिपीतल्या मजकुराची मांडणी करताना इटॅलिकविषयी जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. पुस्तकाची पानं लावणारे, पत्रिका करणारे, वेबसाइट बांधणारे आणि स्वतः टाइपफेस काढू पाहणारे अशा सगळ्यांसाठी हे आहे. रोमन अक्षरांची नावं मराठीत लिहिली आहेत. कॅपिटल असा उल्लेख नसेल तिथे स्मॉल अक्षर समजावं.

इटॅलिक म्हणजे सरळ अक्षर तिरकं केलेलं, एवढंच ना?

नाही. सरळ रोमन, म्हणजे पुस्तकात नेहमी दिसणारं उभं अक्षर, हे सावकाश, दर रेघेला टाक उचलून काढलेलं. इटॅलिक हे टाक फारसा न उचलता भरभर लिहिलेलं. सगळा फरक तिथून सुरू होतो.

'एन' घ्या. रोमनमध्ये डावा खांब वरून खाली येतो, मग खांबाच्या डोक्याजवळून कमान निघते, उजव्या खांबात उतरते आणि दोन्ही खांबांच्या पायथ्याशी आडव्या सेरिफ, म्हणजे टोकांच्या छोट्या रेघा, बसतात. इटॅलिकमध्ये टाक खाली पोचला की खांबावरूनच परत वर चढतो, साधारण अर्ध्या उंचीवर खांबापासून फुटतो, बारीक रेघेने वर जातो, वळतो, जाड होत खाली येतो आणि पुढच्या अक्षराच्या दिशेने छोटी शेपटी सोडून थांबतो. पायथ्याला आडवी सेरिफ बहुधा नसतेच. अक्षरात शिरणारी रेघ आणि अक्षरातून सुटणारी रेघ, याच इथल्या सेरिफ. कमान जिथे फुटते तिथे खांबाला लागून एक चिंचोळा पांढरा कोपरा उरतो. भिंग लावून तो एकदा पाहाच. इटॅलिकचा सगळा जीव त्या कोपऱ्यात असतो, आणि कच्चं डिझाइन सर्वांत आधी तिथेच उघडं पडतं.

बाकीची अक्षरंही रूप बदलतात. 'ए'चं वरचं छप्पर जातं आणि तो एकमजली होतो. 'एफ' बहुतेक वेळा आधाररेषेच्या (अक्षरं जिच्यावर उभी असतात त्या रेषेच्या) खाली शेपटी सोडतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' पुष्कळदा खाली टोकदार न राहता गोलसर होतात. सगळी अक्षरं सहसा रोमनपेक्षा अरुंद आणि थोडी फिकी असतात. ही सगळी लक्षणं ठेवून तिरकेपणा पूर्ण काढून टाकला तरी ते अक्षर इटॅलिकच वाटतं. अशी उभी इटॅलिक प्रत्यक्षात काढलीही गेली आहेत.

हे अक्षर आलं कुठून?

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये निकोलो निकोली हा विद्वान जुन्या लॅटिन ग्रंथांच्या नकला एका जलद, किंचित झुकत्या वळणात करत होता. तशा वळणाचं अक्षर पुढे पोपच्या कचेरीत रुजलं आणि सुशिक्षितांचं रोजचं अक्षर झालं.

छापखान्यात ते आणलं व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याने. खिळ्यांचे (छपाईच्या धातूच्या अक्षरांचे) ठसे कोरले फ्रान्चेस्को ग्रिफोने. १५०० साली एका पुस्तकातल्या चित्रात या अक्षरातले मोजके शब्द आले आणि १५०१ साली प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या कवितांचं अख्खं पुस्तक त्यात छापून निघालं. हातात धरून वाचता येईल असं छोट्या आकाराचं पुस्तक होतं ते. आज नवल वाटावं अशी गोष्ट म्हणजे त्यातली कॅपिटल अक्षरं सरळच होती, आकाराने थोडी लहान, आणि तिरकी होती ती फक्त स्मॉल अक्षरं. आल्दुसने या अक्षराचे हक्क मिळवले, तरी फ्रान्समधल्या लियोंच्या मुद्रकांनी नकला केल्याच, आणि १५०३ साली त्याने त्यांच्या चुका दाखवणारं इशारापत्रक छापलं.

इटॅलिकला आज आपण 'देखणं' म्हणतो ते वळण मात्र ग्रिफोपेक्षा लुदोविको आर्रिगीचं जास्त. हा पोपच्या कचेरीतला लेखनिक. १५२२ची तारीख असलेला त्याचा छोटा कित्ता लाकडी ठशांवरून छापला होता आणि त्यात हे अक्षर टप्प्याटप्प्याने शिकवलं होतं. त्यानंतर त्याने स्वतःच्या अक्षरावरून खिळेही करवून घेतले. लांब खांब, पानाभर मोकळी हवा, टोकांना हलकी वळणं. विसाव्या शतकात जी उत्तम इटॅलिक निघाली, त्यांतली कितीतरी या एका लेखनिकाच्या हाताकडे परत गेली.

इटॅलिक जागा वाचवण्यासाठी निघालं, असं वाचलं होतं.

हे वारंवार सांगितलं जातं. अक्षर अरुंद आहे हे खरं, पण आल्दुसच्या त्या पुस्तकांचे समास चांगले ऐसपैस आहेत. कागदाची एवढी काटकसर करायची असती, तर पहिली कात्री समासाला लागली असती. विद्वानांच्या हस्ताक्षरासारखं, जवळिकीचं अक्षर छापायचं होतं, हे कारण मला जास्त पटतं.

मग ते रोमनचं जोडीदार कधी झालं?

आधी ती दोन स्वतंत्र अक्षरं होती. पुस्तक एक तर यात छापायचं नाही तर त्यात. सोळाव्या शतकात, मुख्यतः फ्रान्समधल्या मुद्रकांच्या हाती, एकाच पानावर दोन्ही वापरायची रीत पडली आणि कॅपिटल अक्षरंही तिरकी झाली. रोबेर ग्रांजाँने कोरलेली इटॅलिक त्या काळातली सर्वांत चैतन्यपूर्ण. क्लोद गारामाँच्या रोमनशेजारी ग्रांजाँचं इटॅलिक बसवायचा प्रघात आजही चालू आहे. रॉबर्ट स्लिंबाकने १९८९ साली अडोबी गारामाँ करताना हीच जोडी धरली. म्हणजे ज्याला आपण एक कुटुंब समजतो, त्याची दोन माणसं मुळात दोन वेगळ्या घरांतली आहेत.

कोन किती अंशांचा असावा?

साधारण ८ ते १६ अंशांत बहुतेक सेरिफ इटॅलिक बसतात. पण कोनाला फार महत्त्व देऊ नये. एरिक गिलच्या जोआना या टाइपफेसच्या इटॅलिकचा कोन जेमतेम ३ अंश आहे, तरी ते रोमनपासून लगेच वेगळं कळतं, कारण अक्षरं बरीच अरुंद आहेत. उलट सोळाव्या शतकातली इटॅलिक पाहिलीत तर एकाच ओळीत दोन अक्षरं दोन वेगळ्या कोनांत झुकलेली दिसतील. त्या किंचित बेशिस्तीमुळे ओळ जिवंत वाटते. सगळी अक्षरं एकाच कोनात काटेकोर बसवायची पद्धत नंतरची, अठराव्या शतकात पक्की झालेली.

'देखणं' इटॅलिक आणि नुसतं ठीकठाक इटॅलिक यांत फरक कशाचा?

मी सर्वांत आधी लय पाहतो. एन, यू, एम, आय, एल ही अक्षरं असलेला एखादा लांब शब्द मोठा करून घ्या. सगळे खांब समान अंतरावर आहेत का? खांबांमधला पांढरा पट्टा आणि दोन अक्षरांमधला पांढरा पट्टा डोळ्यांना सारखाच भरतो का? देखण्या इटॅलिकमध्ये एकही अक्षर शब्दातून पुढे येऊन 'मला बघा' म्हणत नाही.

त्यानंतर जाड-बारीक रेघांचा फरक. जुन्या वळणाच्या इटॅलिकमध्ये तो रुंद टाकाच्या धारेतून येतो, म्हणून जाडी हळूहळू वाढते आणि हळूहळू ओसरते. इंग्लिश मुद्रक बास्करव्हिलच्या काळापासून, अठराव्या शतकाच्या मध्यापासून, टोकदार टाकाचा प्रभाव दिसू लागतो. बारीक रेघा केसासारख्या होतात, जाड रेघा एकदम फुगतात. पुढच्या काळातल्या बोदोनी आणि दिदो या मुद्रकांनी हे टोकाला नेलं. दोन्ही वाटा देखण्या आहेत, पण स्वभाव निराळे. पहिली वाट वाचनाची, दुसरी मिरवण्याची. कादंबरीच्या पानाला दिदोसारखं इटॅलिक लावलं, की दहाव्या पानाला डोळे थकतात. मासिकाच्या मुखपृष्ठावर तेच अक्षर राजासारखं शोभतं.

आणि 'अँड'चं चिन्ह पाहा. रोमनमध्ये ते बहुधा बेताचं असतं. इटॅलिकमध्ये डिझायनरने मनापासून काढलेलं असेल, तर बाकीच्या अक्षरांवरही मेहनत घेतली असणार असा भरवसा धरायला हरकत नाही.

तिरकं रोमनच इटॅलिक म्हणून चालवावं, असं कुणी म्हटलं नाही का?

म्हटलं, आणि तेही मोठ्या अधिकारी माणसाने. इंग्लिश टाइप-जाणकार स्टॅन्ली मॉरिसनने १९२६ साली एका निबंधात मांडलं की रोमनच्या जोडीला हस्ताक्षरी वळणाचं इटॅलिक नको, रोमनचंच झुकलेलं रूप हवं. दोन्ही अक्षरं एका घाटाची दिसावीत, हा त्यामागचा विचार. डच डिझायनर यान व्हान क्रिम्पेनने रोम्युलस या टाइपफेसला खरोखरच तसं झुकतं रोमन दिलं. पण त्याच माणसाने त्याच कुटुंबात कान्चेलेरेस्का बास्तार्दा हे अस्सल कचेरी-वळणाचं अक्षरही काढलं, आणि दोन्ही शेजारी ठेवली की नजर कुठे रेंगाळते ते सांगायला नको. मॉरिसनच्याच देखरेखीखाली १९३२ साली आलेल्या टाइम्स न्यू रोमनला रूढ वळणाचंच इटॅलिक मिळालं. तत्त्व म्हणून त्याचं म्हणणं तर्कशुद्ध होतं. पण वाचकाला आवाज बदललेला जाणवायचा असेल, तर अक्षराचा हातही बदलावा लागतो.

सॉफ्टवेअरमधलं तिरक्या 'आय'चं बटण दाबलं की खरं इटॅलिक मिळतं ना?

इटॅलिकची वेगळी फाइल बसवलेली असेल तर मिळतं. नसेल तर बहुतेक सॉफ्टवेअर न विचारता रोमनलाच ढकलून तिरकं करतं. ओळखायचं कसं? 'ए' पाहा. रोमनमध्ये तो दुमजली असेल आणि बटण दाबल्यावरही दुमजलीच राहून नुसता कलला, तर बहुधा ते नकली आहे. मग 'ओ' पाहा. ढकललेल्या 'ओ'मध्ये जाडी विचित्र जागी सरकते. एक खांदा फुगतो, दुसरा आवळला जातो आणि अंडं कलंडल्यासारखा तो दिसतो.

वेबसाइटवर, पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमधला 'फॉन्ट-सिंथेसिस' हा गुणधर्म 'नन' केला, की ब्राउझर असं ढकललेलं अक्षर बनवत नाही. काम सुरू करतानाच हे करून ठेवा. फाइल जोडायची राहिली असेल तर ताबडतोब लक्षात येतं.

इटॅलिक नेमकं कुठे वापरायचं?

जिथे मजकुराचा आवाज बदलतो पण चढत नाही, तिथे. ठळक अक्षर पानावर दुरूनच दिसतं. इटॅलिक वाचता वाचता त्या शब्दापर्यंत पोचल्यावरच जाणवतं. जोर द्यायचा शब्द, पुस्तकांची आणि नियतकालिकांची नावं, जहाजांची नावं, परक्या भाषेतला शब्द, कथेतल्या पात्राच्या मनातलं वाक्य ही नेहमीची ठिकाणं.

काही क्षेत्रांत मात्र तो आवडीनिवडीचा मामला राहत नाही. जीवशास्त्रात प्रजातीचं नाव, जसं होमो सेपियन्स, इटॅलिकमध्ये लिहितात. प्राण्यांच्या कुळाचं नाव सरळ. भौतिकशास्त्रात तर अर्थच बदलतो. राशीचं चिन्ह इटॅलिक आणि एककाचं चिन्ह सरळ, असा आंतरराष्ट्रीय मानकांचा नियम आहे. तिरका 'एम' म्हणजे वस्तुमान, सरळ 'एम' म्हणजे मीटर. एकाच समीकरणात दोन्ही येतात आणि दोन वळणांतला फरक पुरेसा स्पष्ट नसेल तर विद्यार्थी अडखळतो. पाठ्यपुस्तकासाठी टाइपफेस निवडणाऱ्याने ही चाचणी घ्यायलाच हवी. पाश्चात्त्य संगीताच्या लिखित स्वरलेखनात हळू-मोठ्या आवाजाच्या खुणा जाड इटॅलिकमध्ये असतात, तेही याच कुळातलं.

इटॅलिक वाक्यात पुन्हा इटॅलिकचा शब्द आला तर? तो सरळ करायचा. वेगळेपण राखणं महत्त्वाचं.

अख्खा परिच्छेद किंवा पान इटॅलिकमध्ये लावावं का?

प्रस्तावनेआधीचं अवतरण, कविता, अर्पणपत्रिका, छोटं पत्र, इथपर्यंत खुशाल. त्यापुढे जपून. सोळाव्या शतकातले वाचक संपूर्ण पुस्तकं इटॅलिकमध्ये वाचत, कारण त्यांच्या डोळ्यांना ती सवय होती. आपल्याला नाही. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन आपल्या सूचनांत इटॅलिक आणि अधोरेखन टाळायला सांगते, कारण काही वाचकांना ती अक्षरं एकमेकांत घुसल्यासारखी वाटतात. सूचना-फलक, औषधांची माहिती, अर्ज अशा ठिकाणी हा सल्ला सरळ पाळावा.

मोठा मजकूर लावायचाच असेल तर आकार अर्धा-एक पॉइंट वाढवा, ओळींमधलं अंतर थोडं मोकळं करा आणि ओळ छोटी ठेवा. कमी तिरकं, कमी नटलेलं अक्षर निवडा.

शीर्षकं, बोधचिन्हं, पत्रिका यांसाठी कसं वापरावं?

इथे सेरिफ इटॅलिकला खरा वाव मिळतो. मोठ्या आकारासाठी काढलेली आवृत्ती असेल तर तीच घ्या. तिच्या बारीक रेघा मोठ्या आकारातच खुलतात आणि छोट्या आकारात तुटतात. स्मॉल अक्षरांमध्ये जादा अंतर मात्र कधीही टाकू नका. बाहेर पडणारी रेघ पुढच्या अक्षराकडे निघालेली असते. अंतर वाढवलं की ती अधांतरी लटकते आणि शब्द मोडतो. अंतर टाकायचंच असेल तर कॅपिटलमध्ये टाका.

स्वॉश, म्हणजे लांब नक्षीदार शेपटीची, अक्षरं किती वापरावीत?

एका ओळीत एक, फार तर दोन. शब्दाच्या सुरुवातीचं कॅपिटल किंवा ओळीच्या शेवटचं अक्षर, जिथे शेपटीला पसरायला जागा आहे तिथे. शब्दाच्या मध्यात लांब शेपटी आली की शेजारच्या अक्षरावर आदळते. सगळीच कॅपिटल स्वॉशमध्ये लावलेला शब्द वाचताच येत नाही.

तिरका शब्द पुढच्या सरळ कंसाला किंवा अवतरणचिन्हाला चिकटतो. काय करावं?

हा दोष खिळ्यांच्या काळापासूनचा आहे. इटॅलिक 'एफ'चं डोकं उजवीकडे आणि शेपटी डावीकडे खिळ्याच्या चौकटीबाहेर येत असे. बाहेर आलेल्या त्या भागाला आधार नसे, त्यामुळे तो शेजारच्या खिळ्यावर घासून मोडायचा. म्हणूनच 'एफ-आय', 'एफ-एल' अशी जोडअक्षरं एका खिळ्यावर ओतत. आज मोडायला काही नाही, पण 'एफ', 'डी', 'एल' यांची डोकी पुढच्या सरळ चिन्हावर अजूनही टेकतात. अशा जागी हाताने केसभर अंतर वाढवा. गणितासाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्स या प्रणालीत या दुरुस्तीची खास सोय आहे. स्वल्पविराम शब्दाबरोबर इटॅलिक असला तर छान दिसतो. कंस मात्र बाहेरचं वाक्य सरळ असेल तर सरळच ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

पडद्यावर इटॅलिक फाटल्यासारखं का दिसतं?

कमी ठिपक्यांच्या पडद्यावर तिरकी रेघ पायऱ्या-पायऱ्यांनीच काढावी लागते. मॅथ्यू कार्टरचं जॉर्जिया हे अशा पडद्यांसाठीच काढलेलं सेरिफ, आणि त्याचं इटॅलिक अस्सल वळणाचं असूनही छोट्या आकारात टिकतं. आजच्या दाट पडद्यांवर ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरी केसासारख्या रेघांचं इटॅलिक छोट्या आकारात लावू नये.

देवनागरी मजकुरासाठी इटॅलिक बटण वापरावं का?

शक्यतो नको. देवनागरीच्या परंपरेत जोर देण्यासाठी वेगळं झुकतं वळण वापरायची रीत नव्हती, त्यामुळे बहुतेक फॉन्टमध्ये ते नसतं आणि बटण दाबल्यावर मिळते ती ढकलाढकल. शिरोरेघ आडवीच राहते, काना कलतो, वेलांटी-मात्रा उजवीकडे सरकतात आणि उकार डावीकडे. जोडाक्षर असलं तर तोल आणखी जातो. जोर देण्यासाठी ठळक वजन, दुसऱ्या वळणाचा फॉन्ट किंवा अवतरणचिन्हं हे आपले उपाय. द्विभाषी पुस्तकात रोमन लिपीतला मजकूर इटॅलिकमध्ये आला तरी शेजारची देवनागरी सरळच राहू द्या.

मला स्वतःचं सेरिफ इटॅलिक काढायचं आहे. सुरुवात कशी करू?

संगणक बंद ठेवून. रुंद, चपट्या टोकाचा टाक घ्या, धार लेखनरेषेशी साधारण ४५ अंशांत धरा आणि आर्रिगीच्या वळणाचा कित्ता गिरवा. कमान खांबातून कशी फुटते हे हाताला कळल्याशिवाय संगणकावर बिंदू ओढून काही साधत नाही. मग 'एन' आणि 'ओ' काढा. पहिल्यातून 'एम', 'यू', 'एच' निघतात आणि दुसऱ्याचा झोक गोल अक्षरांना मिळतो. 'ए' जमला की 'डी', 'जी', 'क्यू' यांचा सांगाडा हाती येतो. 'एस', 'के', 'झेड' शेवटी ठेवा. ती प्रत्येक वेगळा विचार मागतात. अंतरं शेवटी बघू असं म्हणू नका, पहिल्या पाच अक्षरांपासूनच शब्द जुळवून पाहा.

फॉन्टच्या फाइलमध्ये कोन नोंदवताना उजवीकडचा झुकाव ऋण आकड्यात लिहायचा असतो. १२ अंश झुकाव असेल तर उणे १२.

मोफत आणि चांगलं असं काही आहे का?

आहे. ईबी गारामाँ हे १५९२ सालच्या एगेनोल्फ-बेर्नर या खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या नमुनापत्रकावर आधारलेलं. सरळ अक्षर गारामाँचं, इटॅलिक ग्रांजाँचं. पुस्तकाच्या मजकुरासाठी मी डोळे झाकून हे सुचवेन. ख्रिस्तियन थालमानचं कॉर्मोरंट मोठ्या आकारासाठी. त्याचं इटॅलिक नाजूक आणि अतिशय सुरेख आहे, पण छोट्या मजकुराला लावू नये. दोन्ही खुल्या परवान्याखाली आहेत आणि व्यावसायिक कामातही चालतात. उतरवून घेताना रोमनबरोबर इटॅलिकची फाइलही घेतली आहे ना, हे तपासा. ती बहुधा वेगळी असते, एकाच फाइलमध्ये अनेक वजनं असणाऱ्या व्हेरिएबल फॉन्टमध्येसुद्धा.